सावित्रीची भरती आणि पुण्याची गादी

पुण्याच्या नदीला भरती नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात मुळा-मुठेचे पाणी एकाच दिशेने वाहते, आणि हल्ली तेही फारसे वाहत नाही. इथे नावा चालल्या त्या बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्यात. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून नदीवर बंधारा झाला. त्याच्या फुगवट्यावर एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी हौसेने वल्ही मारली. 'बोट क्लब रोड' हे नाव त्या हौसेची उरलेली खूण आहे. पुढे १९२८मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा बोट क्लब सुरू झाला. या पाण्यात नाव वल्हेकऱ्याच्या मर्जीने चालते. ती हवी तेव्हा सोडावी, हवी तेव्हा परत आणावी.

परंतु पुण्याच्या सत्तेचे भवितव्य ज्या पाण्यावर निदान तीनदा तरी हेलकावले, ते पाणी असे आज्ञाधारक नव्हते. ते सह्याद्रीच्या पलीकडे आहे आणि दिवसातून दोनदा उलटे वाहते. आजचा धागा त्या नदीविषयी, सावित्रीविषयी आहे. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

जुन्या महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात. कृष्णा पूर्वेला वळते. वाटेत भीमा तिला येऊन मिळते, आणि भीमेबरोबर मुळा-मुठेचे, म्हणजे तुमच्या-आमच्या पुण्याचे पाणीही. हजारावर किलोमीटर चालून ते बंगालच्या उपसागरात पडते. सावित्रीला एवढी उसंत नाही. ती पश्चिमेच्या कड्यावरून खाली झेपावते, पोलादपूर आणि महाड ओलांडते, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या आत बाणकोटजवळ अरबी समुद्र गाठते. त्यातही शेवटचा चाळीस-पन्नास किलोमीटरांचा टप्पा, महाडपासून खाली, जवळजवळ सपाट आहे. उतार संपला की नदीचा अधिकार संपतो आणि समुद्राचा सुरू होतो. म्हणूनच या भागाला कोकणी माणूस नदी म्हणत नाही, खाडी म्हणतो.

खाडीत नाव हाकणे ही वेगळी विद्या आहे, आणि ती समजल्याशिवाय पुढचा इतिहास नीट कळत नाही. म्हणून थोडे थांबू.

भरती सुमारे सहा तास चढते आणि सुमारे सहा तास उतरते. चढती भरती असेल तर समुद्राचे पाणी खाडीत शिरते आणि भरलेला पडावसुद्धा आतल्या बंदराकडे आपणहून ओढला जातो. शीड आणि वल्ही फक्त मदतीला. ओहोटी लागली की तेच पाणी नदीचे पाणी बरोबर घेऊन दुप्पट जोराने बाहेर धावते. त्या वेळी वर चढू पाहणारा माणूस वल्ही मारून दमतो आणि किनाऱ्यावरचे झाड मात्र जागच्या जागीच दिसते. शहाणा नाखवा अशा वेळी नांगर टाकून तंबाखू मळत बसतो. घाईचा मनुष्य चिखलात रुततो, आणि पुढच्या भरतीपर्यंत त्याला बगळ्यांची सोबत असते.

वेळ कळायची कशी? घड्याळ नव्हते, पंचांग होते. किनाऱ्यावर एक हिशेब पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. दिवसा तशीच रात्री. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, कारण चंद्र तितका उशिरा येतो; त्या खगोलशास्त्राचा हा बोटांवरचा अनुवाद आहे. हिशेब किनाऱ्याचा, खाडीत जितके आत जावे तितका उशीर धरावा लागतो. शिवाय पाणी किती चढेल तेही तिथीच सांगते. अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. भांगाच्या पाण्यात जड पडाव वरच्या धक्क्याला लागतच नाही. माल खालच्या बंदरात उतरवून लहान होड्यांत भरावा लागतो. सावित्रीवर हे खालचे बंदर म्हणजे दासगाव, आणि वरचे महाड. दासगावपर्यंत पाणी खोल, पुढे उथळ. हे दासगाव नाव लक्षात ठेवा.

नावांची एक उतरंडच होती. समुद्रावर गलबते आणि शिबाडे, खाडीत मचवे आणि पडाव, आणि सर्वांत शेवटी, जिथे गुडघाभर पाणी तिथे, होडी. एका ओंडक्यातून कोरलेली अरुंद होडी, बाजूला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेली उलांडी, आणि हातात आखूड वल्हे. उलांडी नसेल तर असली होडी पहिल्याच लाटेला कलंडेल. उलांडीमुळे ती ओहोटीच्या खळाळातूनही निघते. असा ओंडका मिळायला झाड मोठे लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा-फणसाला हात लावू नये, रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशा आशयाची ताकीद आहे. तिची नेहमी पर्यावरणाच्या अंगाने स्तुती होते. मला तीत आरमाराची भूकही दिसते: झाडांवर ताकीद काढावी लागते, म्हणजे तोड होत होती.

पावसाळ्यात हे सारे बंद. आषाढात समुद्र खवळतो, नदीला डोंगराचे पाणी येते, आणि मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटू लागतात. नावा ओढून काठावर घ्यायच्या, शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची. एक गोष्ट प्रवासवर्णनांत क्वचित येते, ती म्हणजे मगरी. सावित्रीत त्या पूर्वीही होत्या आणि महाड परिसरात आजही आहेत.

आता इतिहासाकडे.

सावित्रीच्या मुखाशी उभे राहिले तर उत्तरेला हरिहरेश्वर, पेशव्यांचे कुलदैवत. त्याच्या थोडे वर श्रीवर्धन, जिथली देशमुखी भट घराण्याकडे होती. दक्षिणेला बाणकोटचा किल्ला आणि त्याला लागून वेळास, भानूंचे गाव. मध्ये खाडी. पुण्याहून कासव महोत्सवासाठी वेळासला जाणारी मंडळी बागमांडल्याहून वेशवीला ज्या फेरीबोटीतून मोटारी उतरवतात, तेच हे पाणी.

सतराव्या शतकाच्या अखेरीस श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना सिद्दीच्या जाचामुळे गाव सोडावे लागले. परंपरा सांगते की ते खाडी उतरून वेळासला भानूंकडे आले आणि भानू मंडळींना बरोबर घेऊन घाटावर गेले. पळून जाणाऱ्या कुटुंबाला मोठे जहाज परवडत नाही आणि लपवताही येत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती तरीवरची होडी. १७१३मध्ये हेच बाळाजी विश्वनाथ शाहू महाराजांचे पेशवे झाले. भट पेशवे आणि भानू फडणीस, अशी दोन घराणी या एका खाडीच्या दोन काठांवरून पुण्यात आली. पेशवाईच्या कारभाराचा पाऊण शतकाहून अधिक काळ त्या दोन काठांच्या नात्याचा आहे, असे म्हटले तर फार वावगे होणार नाही.

घाटावर गेलेल्या माणसाला खाडीचा विसर पडतो. बाळाजी विश्वनाथांचे नातू नानासाहेब पेशवे यांच्या काळात तसे घडले, आणि पेशवाईच्या इतिहासातील ही मला सर्वांत महाग पडलेली चूक वाटते.

कोकण किनाऱ्यावर तेव्हा तुळाजी आंग्र्यांचा अंमल होता आणि ते पेशव्यांना जुमानत नव्हते. नानासाहेबांनी मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला आणि पाठोपाठ बाणकोट. फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, आणि तिथे आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. लढाई इंग्रजांची, मोहीम पेशव्यांची, आणि जळाले ते मराठी आरमार. यावर शाळेच्या पुस्तकांतही लिहिलेले असते. पुढची गोष्ट सहसा नसते. विजयदुर्ग इंग्रजांनी सोडावा म्हणून ऑक्टोबर १७५६च्या तहात पेशव्यांनी बाणकोट आणि नदीकाठची काही गावे कायमची इंग्रजांना दिली. त्या गावांत दासगाव होते.

तहाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुखाशी बाणकोट, म्हणजे कोणते गलबत आत येईल आणि कोणते बाहेर जाईल ते ठरवणारी तोफ. आत दासगाव, म्हणजे जिथे मोठ्या नावेला थांबावेच लागते ते पाणी. मधली नदी नावापुरती पेशव्यांची उरली. महाड पेशव्यांचे, रायगड पेशव्यांचा, वरंधा आणि पार घाटांतून पुण्या-साताऱ्याकडे जाणारी बैलांची तांडेवाट पेशव्यांची. पण या सगळ्याचा समुद्राकडचा दरवाजा परक्याच्या हातात. बाणकोटला इंग्रजांनी 'फोर्ट व्हिक्टोरिया' म्हटले. पुष्कळांना ते राणीचे नाव वाटते. राणीचा जन्म १८१९चा आहे, किल्ल्याला नाव त्याच्या साठेक वर्षे आधीचे. पश्चिम भारताच्या मुख्य भूमीवर इंग्रजांना मिळालेले हे पहिले ठाणे मानले जाते. मुंबई बेट होते, सुरतेत वखार होती. भूमी म्हणून हाती आली ती सावित्रीच्या काठची. पेशव्यांच्या दरबाराला विजयदुर्गासारख्या बुलंद जलदुर्गापुढे बाणकोट किरकोळ वाटला असावा. किल्ल्याची उंची दिसते, पाण्याची खोली दिसत नाही.

चाळीस वर्षे या देवघेवीचा कुणाला काच जाणवला नाही. मग ऑक्टोबर १७९५मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. वारसाच्या वादात पुणे ढवळून निघाले, आणि वेळासच्या भानूंच्या वंशात जन्मलेल्या नाना फडणिसांना पुणे सोडावे लागले. ते प्रथम साताऱ्याकडे आणि वाईला गेले आणि नंतर घाट उतरून महाडला आले.

महाडच का? रायगड आणि प्रतापगड हाताशी होते, हे एक कारण. मूळ गाव त्याच नदीवर होते, हे दुसरे. पण नाना हळवेपणाने निर्णय घेणारे गृहस्थ नव्हते. महाडच्या धक्क्यावर उभ्या माणसापुढे दोन वाटा खुल्या असतात. पाठीमागे घाट, तो सैन्याने अडवता येतो. पुढे नदी, तिच्यावर सैन्य धावू शकत नाही. शत्रू घाट उतरताना दिसला तर उतरत्या पाण्यावर नाव सोडायची; दासगाव गाठले की इंग्रजांचे निशाण. एका ओहोटीचे अंतर. ही वाट नानांना वापरावी लागली नाही. महाडला बसून त्यांनी फौज जमवली आणि शिंदे, होळकर, भोसले, निजाम या सर्वांकडे सूत्रे हलवली. १७९६च्या ऑक्टोबरात निजामाशी झालेला करार महाडचा तह म्हणूनच ओळखला जातो. डिसेंबरात दुसरे बाजीराव पेशवे झाले आणि नाना पुन्हा कारभारी. पुण्याच्या गादीचा निकाल त्या वर्षी पुण्यात नव्हे, खाडीकाठच्या एका व्यापारी गावात बसून लावला गेला.

सहा वर्षांनी तीच वाट बाजीरावांनी धरली. नाना तेव्हा हयात नव्हते. १८००मध्ये ते वारले होते.

२५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळी. हडपसरच्या रणात यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीरावांनी निकालाची पुरती वाटही पाहिली नाही. सिंहगड, तिथून रायगडाच्या रोखाने कोकण, आणि महाड. पुण्यात होळकर त्यांना परत बोलावण्याचा प्रयत्न करत होते, हे विसरू नका. पेशव्यांपुढे अजून एक मराठी उत्तर शिल्लक होते: बोलणी, तडजोड, अपमान गिळणे. पण महाडच्या धक्क्यावर दुसरे उत्तर रोज दोनदा वर येत होते आणि दोनदा खाली जात होते. महाडहून बाजीरावांनी मुंबई सरकारकडे जहाजांची मागणी केली. होळकरांचे सैन्य कोकणात उतरल्यावर ते खाडीच्या दक्षिणेला, हर्णैच्या सुवर्णदुर्गात गेले, आणि तिथून समुद्रमार्गे इंग्रजांच्या छत्राखाली उत्तरेकडे निघाले. डिसेंबरात ते वसईला पोचले.

३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. पेशव्यांनी ६००० पायदळाची तैनाती फौज कायमची पत्करली, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला, आणि इतर सत्तांशी इंग्रजांच्या संमतीशिवाय बोलणी न करण्याचे मान्य केले. पेशवाई १८१८पर्यंत चालली खरी. तिचे सुकाणू मात्र त्या दिवसापासून दुसऱ्याच्या हाती होते.

इथे एक क्षण थांबून १७५६ आठवा. सुवर्णदुर्ग, जिथे बाजीरावांनी आसरा घेतला, तो आंग्र्यांकडून जिंकून पेशव्यांना देणारा इंग्रजच. बाणकोट, ज्याच्या तोफा त्या किनाऱ्यावर पहारा देत होत्या, तो इंग्रजांना देणारे बाजीरावांचे सख्खे चुलते, नानासाहेब. आणि ज्या आरमाराने एरवी पेशव्याला स्वतःच्या निशाणाखाली नेले असते, ते विजयदुर्गाच्या खाडीत जळाले त्याला सेहेचाळीस वर्षे झाली होती. शनिवारवाड्यात जन्म काढलेल्या पिढीला आपले घर समुद्रापासून किती जवळ आहे हे पहिल्यांदा कळले, ते पळताना.

वसईच्या तहानंतर पुण्याचे समुद्राशी नाते दुसऱ्या एका खाडीकडे सरकले. मुंबईचा माणूस पुण्याला यायचा तो पनवेलमार्गे. मुंबईच्या बंदरात नावेत बसायचे, बंदर ओलांडून गाढी नदीच्या खाडीत शिरायचे, पनवेलला उतरायचे आणि पालखी, घोडा किंवा बैलगाडीने बोरघाट चढायचा. १८०३मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया, १८०९मध्ये मारिया ग्रॅहॅम, १८२५मध्ये बिशप हेबर, असे नामांकित प्रवासी याच वाटेने पुण्याला आले. वरचा तिथीचा हिशेब इथे लावून पाहा, गंमत वाटेल. पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी बाराला, म्हणजे मुंबईहून सकाळी सहा-सातला निघालेली नाव चढत्या पाण्याबरोबर पनवेलला जेवणाच्या वेळी लागणार. अष्टमीला भरती संध्याकाळी सहाला. निघायचे दुपारी बाराला. द्वादशीला मात्र पहाटे तीनलाच उठून बंदरावर हजर. पुण्याचा रेसिडेंट असो, व्यापारी असो की नोकरीच्या शोधात निघालेला गरीब ब्राह्मण, वेळापत्रक चंद्राचे.

१८३०मध्ये सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पनवेलची भरभराट झाली. ती एका पिढीपुरती. १८५३मध्ये रेल्वे ठाण्याला गेली, १८५८मध्ये खंडाळा-पुणे जोडले गेले, आणि २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. मुंबई-पुणे प्रवासातून भरती-ओहोटी नाहीशी झाली. पनवेलच्या बाबतीत आणखी काही लिहिण्यासारखे नाही. त्या खाडीच्या दलदलीवर आज विमानतळ उभा आहे आणि त्यासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला आहे.

सावित्रीचे तसे झाले नाही. दक्षिण कोकणाला रेल्वे मिळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. तोवर आगबोटी किनाऱ्याने चालत, हरिहरेश्वर-बाणकोटला थांबत, आणि तिथून लहान बोट भरतीबरोबर आत जाई. या वाटेवरचा सर्वांत मोठा प्रवास पेशव्यांचा नव्हे. तो १९२७चा आहे.

त्या वर्षाच्या १ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी गेले होते, जिथे १८१८च्या त्याच तारखेला बाजीरावांच्या फौजेशी कंपनीच्या पलटणीची लढाई झाली. २० मार्चला त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर अस्पृश्य स्त्री-पुरुषांवर हल्ले झाले, तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण झाले, आणि डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरवायचे ठरले. महाडची ही परिषद घडवून आणणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे आघाडीवर होते. ते दासगावचे.

मुंबईहून महाडला जायची जवळची वाट धरमतरवरून मोटारीची होती. पण मोटारवाले आयत्या वेळी दगा देतील, अशी शंका होती, आणि ती निराधार नव्हती. मोटार माणसाच्या मालकीची असते. भरती कुणाच्या मालकीची नसते. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब २००हून अधिक प्रतिनिधींसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले. हरिहरेश्वरला बोट बदलून ते सावित्रीच्या खाडीत शिरले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले. तिथे सुमारे ३००० सत्याग्रही वाट पाहत होते. दासगाव ते महाड हे अंदाजे ५ मैलांचे अंतर सारे चालत गेले.

आता पंचांग उघडा. २४ डिसेंबर १९२७ला अमावास्या होती. त्या दिवशी दक्षिण गोलार्धात खंडग्रास सूर्यग्रहणही झाले. म्हणजे २५ तारखेला उधाणाचे पाणी, आणि तिथीच्या हिशेबाने पूर्ण भरती दुपारी पाऊणच्या सुमारास. प्रतिनिधींची बोट दासगावला लागली ती खाडी काठोकाठ भरलेली असताना. तारीख ठरवताना कुणी भरती पाहिली असेल असे मी म्हणत नाही. नाताळची सुट्टी हे कारण पुरेसे आहे. पण बोट हाकणाऱ्या तांडेलाने ती नक्की पाहिली होती.

त्या रात्री महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेला जागा द्यायला सवर्णांपैकी कुणी तयार नव्हते; ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी दिली. तळ्यावर जाण्याचा बेत मात्र दिवाणी न्यायालयाच्या मनाईहुकुमामुळे तहकूब ठेवावा लागला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडले.

दासगाव इंग्रजांकडे गेले ते १७५६मध्ये. कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणातील महारांची मोठी भरती झाली, इथे भरती हा शब्द दुसऱ्या अर्थाने, आणि निवृत्त शिपायांच्या वस्त्या महाड-दापोली भागात वाढल्या. पलटणीत शाळा होती. शिपाई लिहा-वाचायला शिकून गावी परतत. अस्पृश्यांच्या हक्कांसाठी एकोणिसाव्या शतकात लेखणी उचलणारे गोपाळबाबा वलंगकर हे असेच निवृत्त सैनिक, महाडजवळच्या रावढळचे. नानासाहेबांनी किरकोळ समजून दिलेल्या खाडीकाठावर कोणत्या गोष्टींची बीजे पडली, याचा हिशेब पुण्याच्या दप्तरात सापडणार नाही.

सावित्री आज जलमार्ग म्हणून जवळजवळ संपली आहे. घाटमाथ्यावरची जंगले विरळ झाली, माती खाली आली, पात्रात गाळाची बेटे झाली. दासगावला मोठी नाव यावी इतके पाणी आता सदासर्वदा नसते. कोकणातील बहुतेक खाडीबंदरांची हीच कथा आहे; राजापुरात १६४९च्या सुमारास इंग्रजांची वखार होती, कारण अर्जुना नदीतून नावा थेट गावापर्यंत पोचत. आज तिथे असे कुणी सांगितले तर ऐकणारा हसतो.

भरती मात्र संपलेली नाही. २२ जुलै २०२१ रोजी सह्याद्रीवर अतिवृष्टी झाली आणि महाड पाण्याखाली गेले. त्याच दिवशी जवळच्या तळिये गावावर डोंगर कोसळला. आषाढी पौर्णिमा एका दिवसावर आली होती. म्हणजे वरून डोंगराचे पाणी, खालून उधाणाचे, आणि मध्ये गाळाने उथळ झालेले पात्र. पुराला समुद्राकडे जाण्याची वाट ओहोटी लागेपर्यंत मिळत नाही. त्यानंतर सावित्री आणि गांधारी यांच्या पात्रांतला गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. महाडचा व्यापारी आज भरलेल्या पडावाची वाट पाहत नाही. पण पावसाळ्यात दुकानातला माल माळ्यावर चढवायचा की नाही हे ठरवताना तो पावसाच्या आकड्याबरोबर भरतीची वेळही विचारतो.